किती मागे आहे रे?

बऱ्याच दिवसांनी ब्लॉगवर लिहितोय. मधे दोघातिघांनी "दुकान बंद झालं का?" असं विचारूनही झालं. बंद नाही झालं, नेहमीचाच आळस. शिवाय जे लिहायचं होतं ते ताईला आणि भाच्याला विचारल्याशिवाय लिहिणं बरं दिसलं नसतं. आता दोघांनी परवानगी दिली आहे. भाच्याने एका अटीवर दिली, की तेराव्या होलबद्दल काही लिहायचं नाही. ती अट मी मोडणार आहे.

तर २०२३ च्या जूनमधली गोष्ट. रविवारी सकाळी शार्लटहून ताईचा फोन. नेहमीची हवापाण्याची विचारपूस नाही, एकदम मुद्द्यावर.

"तुझा भाचा म्हणतोय नोकरी नको, गोल्फ खेळणार. प्रोफेशनल. तूच लावलंस ना हे वेड त्याला? मग आता तूच सांग."

वेड मीच लावलं हे खरं आहे. नऊ वर्षांचा असताना तो उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे केरीला राहायला आला होता. दिवसभर टीव्हीसमोर बसतो म्हणून मी एका गराज सेलमधून पाच डॉलरला सात नंबरची आयर्न आणली, करवतीने कापून त्याच्या उंचीची करून दिली आणि मागच्या अंगणात सोडलं. तेरा वर्षांनी त्या पाच डॉलरचं बिल असं येईल अशी कल्पना नव्हती.

मी म्हटलं, "अगं, चांगला खेळतो तो. तीन वेळा क्लबचा चॅम्पियन आहे."

"ते माहितेय मला. करंडक मीच पुसते. मला एवढंच सांग, त्या टायगर वुड्सच्या किती मागे आहे रे तो?"

ताईने दहा वर्षं त्याला स्पर्धांना नेलं-आणलं. पार्किंगमधे गाडीत बसून तिच्या कितीतरी कादंबऱ्या वाचून झाल्या, पण खेळ काही ती शिकली नाही. तिच्या दृष्टीने प्रश्न साधा होता. शाळेत पहिल्या नंबराच्या किती मागे आहे, तसा. मी मात्र गप्प बसलो. वीस वर्षं गोल्फ खेळतोय, टीव्हीवर बघतोय, ऑफिसात त्यावर तावातावाने बोलतोय, आणि हे एवढं साधं मला सांगता येईना. "बघून सांगतो," म्हणालो.

ज्यांना गोल्फ अजिबात माहीत नाही (म्हणजे बहुतेक सगळे नातेवाईक) त्यांच्यासाठी थोडक्यात. अठरा होल, सगळे मिळून साधारण ७२ फटक्यांत संपवायचे, याला पार म्हणतात. हँडिकॅप म्हणजे त्याच्यावर तुम्हाला ढोबळमानाने किती फटके जास्त लागतात तो आकडा. माझा पंधरा. ज्याचा शून्य तो स्क्रॅच खेळाडू, हा प्रकार क्लबात फार दुर्मीळ, लोक त्याच्याकडे वळून बघतात. शून्याच्याही खाली गेलात की आकड्याआधी अधिकचं चिन्ह लागतं. उलटं वाटतं, पण आहे तसं आहे. भाचा होता अधिक एक. त्याच्यासारखा आमच्या ओळखीत दुसरा कुणी नव्हता. सबंध क्लबात नव्हता. तो पहिल्या टीवर उभा राहिला की कॉफी पिणारे लोक कप घेऊन बाहेर येत.

या सगळ्याला निमित्त झालं त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या पीजीए चॅम्पियनशिपचं. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला ओक हिल नावाच्या मैदानावर होती. या स्पर्धेची एक जुनी, छान पद्धत आहे. जगातल्या दादा लोकांबरोबर वीस जागा क्लबवर शिकवणाऱ्या मास्तरांसाठी राखून ठेवतात. हे लोक एरवी दुकानात हातमोजे विकतात, पोरांच्या शिकवण्या घेतात, सदस्यांच्या तक्रारी ऐकतात. त्यांची स्वतंत्र स्पर्धा होते आणि त्यातून वीस जण येतात. बहुतेक जण दोन दिवस खेळून, फोटो काढून घरी जातात.

त्या वर्षी त्यांच्यातला मायकेल ब्लॉक नावाचा कॅलिफोर्नियातला मास्तर गेलाच नाही घरी. ७०, ७०, ७० असे तीन दिवस खेळला. वय ४६. रविवारी त्याची जोडी रोरी मॅकिलरॉयबरोबर लागली आणि पंधराव्या होलवर याने सात नंबरची आयर्न मारली ती चेंडू टप्पा न घेता थेट भोकात! होल इन वन. मागे उभ्या असलेल्या मॅकिलरॉयने येऊन मिठी मारली तेव्हा कुठे त्याला कळलं की चेंडू आत गेलाय. शेवटी संयुक्त पंधरावा आला, तीन लाखांच्या आतबाहेर डॉलर मिळाले. आम्ही सगळे ताईकडे होतो त्या दिवशी, पदवीदानानंतरचं जेवण होतं. भाचा सोफ्यावर उभा राहून ओरडत होता. भावजीसुद्धा पेपर बाजूला ठेवून बघत होते.

"मामा, हा क्लबवरचा माणूस आहे. क्लबवरचा!"

हे वाक्य तो त्या रात्री किमान सहा वेळा म्हणाला. मी पण म्हणालो असेन एकदोनदा, खोटं कशाला बोला.

पुढच्याच आठवड्यात काय झालं ते मात्र आमच्या घरात कुणी फारसं बोललं नाही. त्याच ब्लॉकला टेक्ससमधल्या कलोनियलच्या स्पर्धेचं आमंत्रण मिळालं. तिथे तो ८१ आणि ७४ खेळला आणि शेवटचा आला. मधेच एका मुलाखतीत तो असं काहीसं बोलून गेला होता की मॅकिलरॉयइतका लांब ड्राइव्ह मला असता तर मी जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक असतो. त्यावरून लोकांनी त्याची भरपूर टिंगल केली. मला तेव्हाही ती टिंगल आवडली नाही. आता तर वाटतं की तो नकळत अगदी मर्मावर बोट ठेवून गेला. त्याबद्दल पुढे.

भाच्याने एक्सेलमधे हिशेब मांडला होता. शार्लटच्या एका बँकेत नोकरी ठरलेली, ऑगस्टपासून. ती सोडून वर्षभर छोट्या टूरवर खेळायचं. प्रवेश फी, पेट्रोल, मोटेल, कोच, सगळं धरून चाळीस-पन्नास हजार डॉलर. अर्धे मामाने द्यायचे. ही ओळ एक्सेलमधे पिवळ्या रंगात होती. मी म्हटलं पैशांचं नंतर बघू, आधी मी तुझी बॅग उचलतो.

इकडे एक व्यवस्था आहे. पीजीए टूरच्या बऱ्याच स्पर्धांच्या आधीच्या सोमवारी अठरा होलची एक पात्रता फेरी होते. शे-दीडशे लोक, आणि जागा तेव्हा साधारण चार असायच्या. अशा सोमवारी जायचं तर ६५ च्या आसपास खेळावं लागतं. आणि तुमच्या नावामागे काही पुण्याई नसेल तर त्या सोमवारच्या फेरीत घुसण्यासाठी त्याआधी आणखी एक पूर्वपात्रता फेरी. म्हणजे मांडवात जायला मिळावं म्हणून मांडवाबाहेरच्या रांगेची रांग. त्या रांगेत आम्ही जुलैच्या एका गुरुवारी सकाळी साडेसहाला उभे होतो. माझ्या खांद्यावर बॅग, गुडघ्याला पट्टा.

आमच्या बरोबर अजून दोघे. एक कॉलेजचा पोरगा, तो बिचारा चौथ्या होलपासूनच हरवला होता. दुसरा तेहतीस-चौतीसचा, उन्हाने रापलेला, टोपीवर कुठल्याच कंपनीचं नाव नाही, बॅग स्वतःच उचललेली. दहा वर्षं छोट्या टूर खेळतोय, मधे दोन वर्षं कॉर्न फेरी टूरवर (म्हणजे पीजीए टूरच्या एक पायरी खालची) होता, तिथून पुन्हा खाली. बोलायला अगदी साधा. माझ्या गुडघ्याची त्याने दोनदा चौकशी केली.

भाचा छान खेळत होता. हे मी मामा म्हणून सांगत नाहीये. पहिल्या नऊ होलमधे तीन बर्डी. लांबही तोच जास्त जात होता एकदोन वेळा. त्या टोपीवाल्याने असं काहीच केलं नाही की ज्यावर आपण "वा!" म्हणावं. ड्राइव्ह मधोमध. दुसरा फटका ग्रीनच्या मधोमध. पट, पट, चला. मला वाटत होतं दोघं बरोबरीत आहेत. फार तर भाचा एखाद्या फटक्याने मागे.

सातव्या होलवर टोपीवाल्याचा ड्राइव्ह उजवीकडे झाडीत गेला. तो गेला, एकदा बघितलं, आणि वेज काढून चेंडू सरळ आडवा फेअरवेवर टाकला. झाडांमधल्या फटीकडे मानसुद्धा वळवली नाही. मग ग्रीनवर, दोन पट, बोगी. चेहऱ्यावर काही नाही. पुढच्या टीवर जाताना केळं खाल्लं.

आता तेरावा. भाच्याचा ड्राइव्ह जवळजवळ तसाच, उजवीकडे झाडाखाली. फट होती. गुडघाभर रुंद असेल. मी म्हटलं, "बाहेर टाक." तो म्हणाला, "मामा, हा शॉट मी मारलेला आहे." आणि मारलेला होता खरंच! गेल्या वर्षी क्लब चॅम्पियनशिपच्या अंतिम फेरीत अस्साच, पाइनच्या दोन बुंध्यांमधून, मीच टाळ्या पिटल्या होत्या. या वेळी चेंडू बुंध्याला लागून आणखी आत गेला. डबल बोगी.

भाचा एकूण ७१. पारपेक्षा एक कमी. त्या मैदानावर, त्या दडपणात, अधिक एकवाल्याने ७१ खेळणं म्हणजे उत्तमच खेळणं. टोपीवाला ६६. कार्डांवर सह्या करताना मी आकडा दोनदा बघितला. सहासष्ट? कधी? मी अठरा होल त्याच्याबरोबर चाललो होतो. पुढे गेले ते ६७ पर्यंतचे.

आणि त्याहून मोठा धक्का सोमवारी. टोपीवाला पुढच्या फेरीत ६८ खेळला आणि चार फटक्यांनी बाहेर पडला. म्हणजे ज्याच्यापुढे आमचा क्लब चॅम्पियन पाच फटके मागे, त्याला मुख्य मांडवात पायही ठेवता आला नाही. आणि मांडवात जे आधीच बसलेत त्यांच्यातले निम्मे दर आठवड्याला शुक्रवारी कट चुकून रिकाम्या हाताने घरी जातात.

परतताना तासभर भाचा गप्प होता. मग एकदम म्हणाला, "तो काहीच वेगळं करत नव्हता ना रे?"

"नाही."

"मग पाच कुठून आले?"

हाच तो मुद्दा. यावर मी त्या उन्हाळ्यात बराच डोकं खाजवत बसलो होतो.

दुसऱ्या खेळांत हा फरक लपत नाही. कांगा लीगमधे धावा कुटणाऱ्याला ताशी दीडशे किलोमीटरने येणारा चेंडू खेळायला द्या, पाच मिनिटांत त्याला त्याची जागा कळते. समोरचा माणूसच सांगतो ना! गोल्फमधे समोर कुणी नाही. चेंडू निवांत पडलेला, आपण हवं तेव्हा मारायचा. त्यामुळे काय होतं, की वीस वर्षांत माझ्यासारख्या पंधरा हँडिकॅपवाल्यानेही चारसहा शॉट असे मारलेले असतात की टायगरने त्या जागेवरून त्याहून बरा मारला नसता. खरंच नसता. आणि आपण ते शॉट जपून ठेवतो. स्वतःचा खेळ म्हणजे तेच, बाकीचे अपघात, असं धरून चालतो.

हँडिकॅपचा आकडाही याला खतपाणी घालतो. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे. शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी उत्तम आठ घ्यायच्या आणि त्यांची सरासरी. म्हणजे भाच्याचा अधिक एक हा त्याच्या बऱ्या दिवसांचा आकडा. उरलेले बारा दिवस कुणी विचारत नाही. टूरवाल्यांची सरासरी मात्र सगळ्या दिवसांची असते, पोट बिघडलेल्या दिवसासकट. आणि मैदानं? आमचा क्लब सदस्यांच्या टीवरून साडेसहा हजार यार्ड. टूरवाले खेळतात सव्वासात-साडेसात हजार यार्डांवर, घट्ट आणि काचेसारख्या ग्रीनवर. स्क्रॅच खेळाडूला आपल्या चांगल्या दिवशी आमच्याकडे ७१ लागतील असं मैदानाचं रेटिंग सांगतं, तसल्या मैदानावर ते ७५-७६ निघतं. तेव्हा भाच्याचे ७१ आणि टीव्हीवर चाळिसाव्या नंबरवर दिसणाऱ्या, ज्याचं नावही आपण वाचत नाही त्या माणसाचे ७१, हे एकच आकडे नव्हेत. हिशेब मांडला तर टूरवरचा नुसता बरा खेळाडू अधिक पाच-सहाच्या घरात निघतो.

हा फरक पडतो कुठे, यावर कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क ब्रॉडी नावाच्या प्राध्यापकाने डोंगराएवढी आकडेमोड केली आहे. २०१४ साली त्याचं पुस्तक आलं. मी ते त्या जुलैमधे पुन्हा काढून वाचलं. आपल्या सगळ्यांची समजूत अशी की लांब मारणं ही हौस, खरे पैसे पटिंगमधे. त्याचे आकडे उलटं सांगतात. फरकाचा साधारण दोन तृतीयांश भाग शंभर यार्डांच्या बाहेरच्या फटक्यांतून येतो. (ब्लॉकची टिंगल करणाऱ्यांनी हे वाचायला हवं.) आणि पटिंगबद्दल तर गंमतच. आठ फुटांवरून टूरवाले किती घालतात? मी मित्रांना विचारतो तेव्हा ऐंशी टक्के, नव्वद टक्के अशी उत्तरं येतात. निम्मे! वीस फुटांवरून शंभरात पंधरा. टीव्हीवर आपल्याला फक्त ते पंधराच दाखवतात, पंच्याऐंशी दाखवायला वेळ कुणाला आहे. ग्रीनसुद्धा ते अठरापैकी सरासरी बाराच्या आसपासच वेळेत गाठतात. म्हणजे हे लोक जादूगार नाहीत. चुकतात. फक्त त्यांचं चुकणं आपल्या बरोबर येण्याइतकं असतं.

आकड्यांनी माझी समजूत पटली, पोटात मात्र काही उतरलं नव्हतं. ते ऑगस्टमधे उतरलं. आमच्यापासून तासा-सव्वा तासावर ग्रीन्सबरोला सेजफील्ड नावाच्या मैदानावर दरवर्षी विंडम चॅम्पियनशिप होते. २०१८ साली ब्रँट स्नेडेकर इथेच पहिल्या होलला बोगी करून ५९ खेळला होता. आम्ही दोघं गेलो, पण भाचा म्हणाला मैदानावर नको, सरावाच्या जागी बसू. (त्या वर्षी लुकस ग्लोव्हर जिंकला. वर्षानुवर्षं छोट्या पटला हात थरथरणारा माणूस, लांब दांड्याचा पटर घेतला आणि ४३ व्या वर्षी जिंकला. तो एक वेगळाच लेख होईल.)

सरावाच्या जागी आमच्या समोर जो उभा होता त्याचं नाव आम्हाला दोघांनाही ओळखू आलं नाही. नऊ नंबरची आयर्न मारत होता. एक, दोन, पाच, बारा. उंची तीच, वळण तेच, पडायची जागा म्हणजे आपल्या दिवाणखान्यातली सतरंजी. मधेच कॅडीशी गप्पा मारायचा, मग पुन्हा तेच. आणि आवाज. कोरडा, आखूड, दर वेळी तोच. भाच्याचा आवाजही तसा येतो. दहातले सात वेळा.

मला आमच्या आईच्या भाकऱ्या आठवल्या. तिशी भाकऱ्या एका बैठकीत थापायची, बोलता बोलता, आमच्यावर ओरडता ओरडता. एकीवर एक ठेवल्या तर कडा जुळायच्या. इकडे एकटा राहात होतो तेव्हा मीही भाकऱ्या केल्या आहेत, आणि एखादी अशी टम्म फुगायची की वाटायचं आईला फोटो पाठवावा. ती एक भाकरी आईच्या भाकरीहून कणभरही कमी नव्हती. शपथेवर सांगतो.

भाचा पाऊण तास हललाही नाही. मग उठला, म्हणाला, "चल, भूक लागली."

त्या रात्री ताईला फोन केला. तिच्या प्रश्नाला दीड-दोन महिने झाले होते.

"सात," मी म्हणालो.

"काय सात?"

"तू विचारलं होतंस ना, टायगरच्या किती मागे. दर फेरीला सात फटके." हिशेब असा होता की टूरवरचा सरासरी खेळाडू भाच्यापेक्षा चार-पाचने पुढे, आणि टायगर त्याच्या भराच्या वर्षांत त्या सरासरीच्याही दर फेरीला जवळजवळ पावणेतीनने पुढे. ब्रॉडीनेच काढलंय.

ताई क्षणभर थांबली. "सत्तरात सात? म्हणजे दहा टक्केच की रे. नव्वद टक्के आहेत त्याला!"

आता काय सांगणार! "ताई, आपल्या वेळची बोर्डाची मेरिट लिस्ट आठव. पहिला आणि तिसावा यांच्यात कितीसे मार्क असायचे? आणि नव्वद टक्केवाले किती हजार? शिवाय हे सात एका दिवसाचे. स्पर्धा चार दिवसांची. अठ्ठावीस होतात."

मग मी तिला सगळं सांगितलं. टोपीवाला, तेरावा होल, सरावाची जागा, तो आवाज. भावजी मधे म्हणाले, "पण पुण्याचा तो उदयन माने गेला की ऑलिंपिकला." बरोबर आहे, २०२१ मधे टोकियोला गेला. भारतातल्या टूरवर कितीतरी स्पर्धा जिंकलेला माणूस, आपल्या पोरापेक्षा कोसभर पुढे. तिथे साठ जणांत संयुक्त छप्पन्नावा आला. भावजींनी पुढे काही विचारलं नाही.

ताई मात्र वेगळंच बोलली. तुमच्यापैकी काहींना माहीत असेल, ताई पुण्यात असताना गाणं शिकायची. विशारद झालेली. केंद्रात पहिली आली होती, गल्लीत गणपतीत तिचंच गाणं असायचं. मग एका वर्षी तिने सवाईत किशोरीताईंना ऐकलं आणि घरी येऊन तंबोऱ्याला गवसणी घातली. कारण विचारलं तर परीक्षा आहे म्हणाली होती. मी तेव्हा शाळेत होतो, मला तेच खरं वाटलं होतं.

"म्हणजे मी आणि किशोरीताई, असंच ना?" ती म्हणाली. "मग सात-अठ्ठावीस कशाला सांगतोस?"

मी काही बोललो नाही.

"मला वाटायचं माझाही सा लागतो. लागायचाही रे. कधी कधी असा लागायचा की बाई शिकवता शिकवता थांबायच्या." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण मी एकदा ऐकलं आणि बंद केलं. गायलेच नाही तिथपर्यंत. त्याला थोडं खेळू दे."

हे मला अपेक्षित नव्हतं. मी फोन केला होता तो तिच्या बाजूने निकाल द्यायला! आणि खरं सांगायचं तर पैसे वाचले म्हणून थोडा सुटकेचा श्वासही टाकला होता.

भाच्याने बँकेला विचारलं, त्यांनी जानेवारीपर्यंत थांबायची तयारी दाखवली. पाच महिने. मी दहा हजार दिले, ताईने काही दिले, भावजींनी आपली जुनी कॅमरी दिली. तो प्रोफेशनल झाला आणि कॅरोलायना-जॉर्जियातल्या छोट्या टूरवर सहा स्पर्धा खेळला. दोनदा कट पार केला. कमाई चौदाशे डॉलर. ऑक्टोबरमधे एका स्पर्धेत त्याला टोपीवाला पुन्हा भेटला, त्याने माझ्या गुडघ्याची चौकशी केली म्हणे.

जानेवारी २०२४ मधे तो बँकेत लागला. अजूनही शनिवारी येतो कधी कधी. परवा तो ६८ खेळला, मी ९१. फटीतून मारायचं त्याने बंद केलंय, वेज काढून बाहेर टाकतो. बघायला पूर्वीइतकी मजा येत नाही खरं तर. ताईने गवसणी काढली का, असं मी विचारलेलं नाही. पण मागच्या गणपतीत महाराष्ट्र मंडळात तिने दोन अभंग म्हटले, एवढं कळलं.

भाच्याची एक गंमत मात्र झाली. एकदा प्रोफेशनल झालं की हौशी स्पर्धा खेळता येत नाहीत, परत हौशी व्हायला रीतसर अर्ज करावा लागतो आणि काही महिने थांबावं लागतं. त्याने अर्ज करायला उशीर केला, त्यामुळे २०२४ ची क्लब चॅम्पियनशिप हुकली. क्लबहाउसच्या भिंतीवरच्या लाकडी फळ्यावर त्याच्या तीन नावांखाली आता दुसऱ्याच कुणाचं नाव आहे. शेवटच्या दिवशी ७४ खेळून जिंकला तो. आम्ही दोघं बाहेर कॉफीचा कप घेऊन उभे होतो.